हवेवर बसणाऱ्याच्या शेजारी मी सायकल चालवणार नाही

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

पाम, कुंभवली, बोईसर आणि तारापूर पंचक्रोशीतल्या तमाम सायकलस्वार बंधू-भगिनींनो! आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपली पाठ! कारखान्यांच्या टँकरांनी उखडलेल्या या रस्त्यांनी आपला एकेक मणका मोजून घेतला आहे, आणि तरी आजवर कुणी आपल्याला विचारलेलं नाही की बाबांनो, तुम्ही बसता तरी कशावर?

रोजनिशीत भाषण करायचं नाही, असं पहिल्या पानावर लिहिलं आहे. हे भाषण नाही. ही प्रस्तावना.

घटना अशी. माझ्या माउंटन बाइकचा मागचा शॉक बसला. शॉक म्हणजे मागच्या चाकाचा धक्का गिळणारा नळकांड्यासारखा भाग. त्याच्या दोन जाती. एकीत पोलादी स्प्रिंग, दुसरीत कोंडलेली हवा. माझा हवेचा होता. म्हणजे फसवणूक आधीपासूनच झालेली होती.

काल नाक्यावरच्या टपरीवर बळवंत म्हणाला, कमलाकांत, हवा कमी झाली असंल, माझा पंप हाय तो घेऊन जा, भर आनि चल. किती सोपं! सगळ्या चुकीच्या गोष्टी सोप्याच असतात. मी त्याला तिथल्या तिथे समजावलं. पोलाद दिसतं, हवा दिसत नाही. पोलाद वाकतं आणि परत येतं, हवा संधी मिळताच पळते. मुद्दा रंगत गेला. चार माणसं थांबली. शेवटी मी जाहीर केलं की हवेवर बसणाऱ्याच्या शेजारी मी सायकल चालवणार नाही.

बळवंतच्या सायकलला हवेचाच शॉक आहे, हे बोलताना डोक्यात नव्हतं. पण तत्त्व हे माणूस बघून ठरत नसतं.

बळवंत म्हणाला, बरं, नको चालवू. चहा संपवला आणि गेला.

अठ्ठावीस वर्षं आम्ही एकाच कंपनीच्या कॉम्प्रेसर हाउसमध्ये होतो. पामहून पहिल्या पाळीला दोघं सायकलीवर. वाटेत मी बोलायचो, तो पेडल मारायचा. रिटायर झाल्यावर माउंटन बाइक घ्यायची कल्पना माझी. दर रविवारी वाघोबा खिंडीपर्यंत जातो. आज तो येईल. साडेसहाला येतो.

७.३०. आला नाही. विचार करत असणार. विचार करायला वेळ लागतो, विशेषतः सवय नसेल तर.

सोमवार, ३ नोव्हेंबर

नलूला नाशिकला जाऊन नऊ दिवस झाले. जागृतीचं बाळंतपण. सव्वा महिना म्हणून गेली, आता म्हणते थंडी सरू दे. मुलीला आईची गरज असते. माझी हरकत नाही. घर माझं, वेळ माझा, आवाज कुणाचा नाही. एवढं स्वातंत्र्य फार थोड्या विचारवंतांना मिळालं असेल.

संकल्प: पाचला उठणे. रोज वीस किलोमीटर. भात एकाच वेळी. स्प्रिंग आणि हवा यांचा सखोल अभ्यास करून बळवंतला पुराव्यानिशी माझ्या बाजूला आणणे. मुदत: येता रविवार.

उठलो सात पन्नासला. उठवायला कुणी नव्हतं, त्यामुळे झोप नैसर्गिक झाली. सायकल बंद, म्हणून वीस किलोमीटर नाहीत. भात दोनदा. कारण केलेला उरला होता.

नलूचा फोन. विचारलं, बळवंतभाऊजी येतात का, एकटे बसत नाही ना? म्हटलं, येतो की. रोज येतो. बाळंतिणीच्या घरात काळजी पाठवू नये.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

निष्पक्ष असावं म्हणून हवेलाही एक संधी दिली. सायकल ढकलत हायवेकडच्या टायरवाल्याकडे नेली. तो म्हणाला, चाचा, ये मशीन ट्रक का है, इसमें टिकेगा नहीं. त्याला म्हटलं, बाळा, मी अठ्ठावीस वर्षं हवा दाबली आहे. हवेचा स्वभाव मला शिकवू नकोस. तो म्हणाला, ठीक है चाचा, लेकिन पकड़ेगा कौन? नळी मीच धरली.

हवा भरली, नळी काढली, फुस्स. पुन्हा भरली, काढली, फुस्स. असं पाच वेळा. घरी आणून साबणाचं पाणी लावून पाहिलं, जसं प्लांटमध्ये लाइन तपासायचो. एकही बुडबुडा नाही. म्हणजे गळती नाही, तरी हवा नाही! याला काय म्हणायचं? यंत्रशास्त्रात याला उत्तर नसेल, पण इतिहासात आहे. याला फितुरी म्हणतात.

बळवंतकडे तो खास छोटा पंप आहे, नळी काढताना हवा न सोडणारा. पण मागणं म्हणजे मुद्दा सोडणं.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ६.३५

खिडकीत उभा होतो. सहज. हवा बघत.

बळवंत आला. त्याचं घर आमच्याच आळीत, शेवटचं. सायकलीवर होता. फाटकापाशी वेग कमी झाला. झाला की नाही? झाला. मी पडद्याच्या मागे सरकलो, कारण मी वाट बघतोय असा त्याचा गैरसमज झाला असता. तो एक पाय जमिनीला टेकून थोडा थांबला, मग गेला.

अनुमान: डगमगला आहे. आणखी एक जोरदार मुद्दा आणि पडेल.

सबंध रविवार मोकळा मिळाला. वाचन केलं. दुपारी मुद्दा मोठ्यानं म्हणून पाहिला, ओट्यावर, सायकलीसमोर. शेजारचे तात्या कुंपणावरून म्हणाले, कोनाशी बोलताव? म्हटलं, तयारी चालू आहे. तात्या म्हणाले, सायकल काय बोलली?

तात्यांची विनोदबुद्धी सामान्य आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

निर्णय झाला. पोलाद! बोईसरला मेहुलच्या सायकलच्या दुकानात गेलो आणि स्प्रिंगच्या शॉकची ऑर्डर दिली.

मेहुल चांगला माणूस, पण धंदेवाईक. म्हणतो, काका, हवेच्या शॉकला पंपाने पाहिजे तेवढं कडक-नरम करता येतं, माणूस बारीक झाला जाडा झाला तरी चालतो. स्प्रिंग तशी नाही. वजनाप्रमाणे नंबर घ्यावा लागतो, चुकला तर संपलं. तुमचं वजन किती?

आता बघा. पोलाद तुमच्याकडून सत्य मागतं. हवा कुणालाही चालते. यातच सगळं आलं!

मी पाकिटातून कंपनीचं मेडिकल कार्ड काढलं. बहात्तर किलो, डॉक्टरची सही, शिक्का. मेहुलनं तारीख वाचली आणि म्हणाला, काका, ये तो दो हज़ार नौ का है. म्हटलं, सही आहे ना? शिक्का आहे ना? त्यानं माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं. म्हणाला, दुकानात पार्सलचा काटा आहे, एक मिनिट उभे राहा. मी म्हटलं, मी पार्सल नाही.

बहात्तर किलोची स्प्रिंग मागवली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मेहुलच्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. किंजल नावाची मुलगी तो चालवते, एमआयडीसीतल्या लॅबमध्ये काम करते. तिनं मला घेतलं. बळवंत त्यात आहे, हे मला ठाऊक होतं. पण मी त्यासाठी गेलो नाही. समाजासाठी गेलो.

‘पोलाद की पोकळी?’ हा लेख चौदा भागांत टाकला. सकाळी सहा ते नऊ.

प्रतिसाद: एक अंगठा. कुणाचा ते उघडून पाहिलं. बळवंतचा नव्हता. अंगठा देणाऱ्यानं पाच मिनिटांत तो काढूनही घेतला, चुकून लागला म्हणाला.

दहा वाजता किंजलनं सेटिंग बदललं. आता फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. वैचारिक लेखनानंतर इतरांनी फालतू मेसेज टाकून त्याची उंची घालवू नये, हा तिचा हेतू दिसतो. समजूतदार मुलगी.

रविवार, १६ नोव्हेंबर

सहा ते आठ खिडकी. कुणी गेलं नाही.

बळवंतनं रस्ता बदललेला दिसतो. मीही त्याच्या घराच्या बाजूनं जाणं सोडलं आहे. दुकानाला मागून लांबच्या वाटेनं जातो. तेवढाच व्यायाम.

दूधवाला म्हणाला, आज गप का, साहेब? त्यानं पावशेर दूध मापेपर्यंत त्याला स्प्रिंगचे फायदे सांगितले. त्याला बाकीची घरं होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आला! बसवला! काय देखणी वस्तू. लालभडक, जाड, प्रत्येक वेढा दिसतोय. हात लावला तर थंड आणि खरा. फोटो काढून नलूला पाठवला. तिचं उत्तर: छान, गॅसचा नंबर लावला का?

मेहुल म्हणाला, स्प्रिंग दाबणारं हे वरचं कडं दोन आटे फिरवायचं, जास्त नाही. नरम वाटलं तर कडं आवळून फायदा नाही, स्प्रिंग बदलावी लागेल. घरी आल्यावर बसून पाहिलं. सायकल माझ्याखाली आदरानं वाकली, पण जरा जास्तच. म्हणून नऊ आटे आवळले. दोन हा आकडा भित्र्या लोकांसाठी असतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

वाघोबा खिंड. एकटा.

चढ छान. रस्त्यात बोलायला कुणी नसल्यामुळे दम वाचला. वर पोहोचलो आणि मागे वळून म्हटलं, बघ, पोलाद! मागे एक बकरी होती.

उतरणीच्या पायवाटेवर मात्र पोलादानं आपला स्वभाव दाखवला. पहिला दगड: धाड! दुसरा दगड: धाड! शॉक दर वेळी तळाला जाऊन आपटत होता. यात दोष नाही. यालाच ठामपणा म्हणतात. हवेवर बसलेल्या माणसाला जमीन कळत नाही. मला जमिनीतला प्रत्येक दगड स्वतंत्रपणे कळला. तिसऱ्या वळणावर मी सायकलीवरून उतरलो. पडलो नाही. उतरलो, पण बाजूनं.

खाली येईपर्यंत सायकल हातात धरून. जंगल पाहता आलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाठ शेकली. एकट्यानं पाठीला मलम लावणं हा एक वेगळा योगप्रकार आहे. डाव्या खांद्याखालची जागा राहते. भिंतीला मलम लावून पाठ घासली. भिंत बरी झाली.

नलू फोनवर म्हणाली, आवाज असा का येतो तुमचा, पडलात का? म्हटलं, मी? म्हणाली, बळवंतभाऊजींना द्या फोन. म्हटलं, आत्ताच गेला. मग म्हणाली, अहो, बाळ बघा कसं हसतंय. फोनवर बाळाचं हसणं दिसत नव्हतं. मी हसलो.

रविवार, ३० नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस. ग्रुपची राइड. बोईसरहून सकाळी सातला सुटायची. किंजल म्हणाली, काका, तुम्ही ज्येष्ठ आहात, दोन शब्द बोला. मग म्हणाली, काका, दोनच हां.

मी सायकलीवर हात ठेवून सुरुवात केली. आधी चाकाचा शोध. मग कामगार आणि सायकल. मग पोलाद. आवाज चांगला लागला होता. डोळे मिटून बोलतो मी, विषयात शिरलो की. जगातल्या सगळ्या क्रांत्या हवेत विरल्या त्या का विरल्या, इथपर्यंत आलो आणि टाळ्यांसाठी थांबलो.

डोळे उघडले. चहावाला होता. म्हणाला, पोरं गेली की काका, तुमी क्रांतीवर व्हता तवाच. ती म्याडम हात करून सांगत व्हती तुमाला.

त्याला विचारलं, बळवंत म्हणून होता का त्यांच्यात, उंच, पांढऱ्या मिशा? म्हणाला, मिशावाला कुनी नव्हता.

श्रोते: एक. दर्जा: उत्तम. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. नंतर चहाही दिला.

गुरुवार, ४ डिसेंबर

स्प्रिंगवर गंज. तीन वेढे तांबूस. समुद्र जवळ, हवेत मीठ. म्हणजे बघा, पोलादाचा नाश करायलाही शेवटी हवाच आली!

मेहुलकडे गेलो. त्यानं नऊ आटे मोजले आणि कपाळाला हात लावला. काटा ओढून म्हणाला, काका, आता उभे राहाच, नाहीतर मी हात लावणार नाही. उभा राहिलो. चौऱ्याण्णव.

मी बॅग काढली. चौऱ्याण्णव. चपला काढल्या. मेहुल म्हणाला, काका, चष्मा पण काढा. तो हसत होता, पण चांगुलपणानं.

मग त्यानं माझा काढून ठेवलेला जुना शॉक बाकावर ठेवला, छोटा पंप लावला, चार-पाच दांडे मारले. शॉक टणक झाला. म्हणाला, काका, इसमें कुछ ख़राबी थी ही नहीं. फक्त पंप पाहिजे होता.

मी त्याला बराच वेळ समजावलं की एका उदाहरणावरून सिद्धांत बनत नाही.

कोपऱ्यात एक जुनी सायकल विकायला होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, मागचं चाक तेवढं बाहेर. हवेचा शॉक. म्हटलं, बघ मेहुल, कुणीतरी शहाणा झाला. तो काहीतरी सांगणार होता. मी पुढच्या मुद्द्यावर गेलो होतो.

रविवार, ७ डिसेंबर. दुपारी १

बोईसरच्या बाजारात मंदावहिनी दिसल्या. बळवंतची बायको. सुके बोंबील घेऊन बसल्या होत्या. मी वळणार होतो, पण त्यांनी हाक मारली.

म्हणाल्या, काय भावजी, पोलादाचं दुकान कसं चाललंय? आजूबाजूच्या बायका हसल्या. मी म्हटलं, बळवंतला सांगा, अजून वेळ गेलेली नाही. स्प्रिंगच्या बाजूला ये.

वहिनी म्हणाल्या, कसली पिरिंग नि कसलं काय, त्यांनी सायकल इकायला टाकली. तीन हप्ते झाले. मेहुलच्या दुकानात पडून हाय.

मी म्हटलं, का?

म्हणाल्या, तुमीच बोललाव ना, हवेवाल्याशेजारी चालवनार नाय म्हनून. मग त्यांना एकट्याला काय करायची ती? त्यांना सायकलची हौस व्हती का कदी? गुडगा दुकतो त्यांचा दोन वर्सं. खिंडीतून आले की मी तेल चोळायची. मी म्हनायची, कशाला जाता, तर म्हनायचे, कमलाकांत बोलतो ते ऐकायला बरं वाटतं. घरात काय, आमी दोगं बोंबलाचाच भाव बोलतो.

मग त्यांनी बोंबील बांधून दिले. म्हणाल्या, तुमीच खा, नायतर सायकलीला घाला. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, हल्ली ते पन जेवत नाय धड.

३.३०. शांतपणे विचार केला. बळवंतनं हवेचा शॉक सोडला. म्हणजे तत्त्वतः माझा विजय झाला. पाच आठवड्यांत, एकट्यानं, एका माणसाचं मतपरिवर्तन. हे नोंदवून ठेवतो.

४.१०. नोंदवलं.

५.००. दोन वर्षं गुडघा दुखत होता. मी त्याला चढावर सांगायचो, मागे राहू नकोस, मुद्दा सुटेल.

सोमवार, ८ डिसेंबर. सकाळी ६.१५

उठलो पाचला. कुणी उठवलं नाही.

बळवंतकडे जाणार आहे. आधी काय बोलायचं ते लिहून काढतो.

७.४०. चार पानं झाली. सुरुवात चांगली आहे. मधे मी त्याचा थोडा दोष दाखवला आहे, पण समतोल राखून.

८.२०. दोष काढला. दोन पानं उरली.

९.००. चहा. आंघोळ करून जावं. रिकाम्या हातानं जाऊ नये, पण बोंबील त्याच्याच घरचे आहेत. मेहुलकडून त्याची सायकल परत आणावी का? पण गुडघा. सायकल नाही, तर मग काय म्हणून जायचं? निमित्त हवं.

९.५०. दोन्ही पानांत ‘पोलाद’ सतरा वेळा आलं आहे. खोडलं. तीन ओळी उरल्या. त्यातही दोन माझ्याबद्दल.

१०.३०. तात्या कुंपणावरून म्हणाले, आज ओट्यावर बोलनं नाय? म्हटलं, नाही. म्हणाले, बरं नाय काय? म्हटलं, तसं नाही. मग आत जाऊन पेपर घेऊन आले आणि माझ्याकडे पाठ न करता वाचत बसले. कदाचित मी बोलेन म्हणून असेल. मी बोललो नाही.

११.१५. नलूचा फोन. विचारलं, भाऊजी आहेत का जवळ? म्हटलं, नलू, तो महिनाभर आलेला नाही. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, मंदानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मग तुम्ही का नाही गेलात? मी म्हटलं, मी मुद्दा तयार करत होतो. ती म्हणाली, अहो, शेवटचं घर आहे ते, दिल्ली नाही.

११.४०. तीनही ओळी खोडल्या. कागद कोरा आहे. उन्हात तो फार मोठा दिसतो.

११.५०. बंधू-भगिनी कुणी नाहीत. सभा नाही, ठराव नाही, अनुमोदन द्यायलाही कुणी नाही. तेव्हा थोडक्यात सांगतो. कमलाकांत, पेन ठेव, तोंड मीट, आणि आत्ताच्या आत्ता बळवंतच्या घरी जा.